नदीकडच्या कुरणात आवाज नको

फिंटन,

ट्रॅक्टर फाटकाबाहेरच ठेव आणि आधी कुत्र्याला बांध. तुझ्या बाबांनी सकाळी मला न विचारताच गाई नदीकडच्या कुरणात सोडल्या. एवढं कोवळं गवत बघून त्यांना राहवलं नाही. कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी असतं, म्हणून आधी गवतावर टाकायची त्याची पावडर अजून पोत्यातच आहे.

काळी आडवी झालीय. तांबडी अडखळतेय, तिचे कान सारखे थरथरताहेत. डॉक्टरांना फोन केलाय, ते निघालेत. मी परत कुरणात जातेय. बाकीच्या नऊ जणींना हळूहळू गोठ्याकडे वळवायचंय, त्यासाठी तू हवास. पण चालत ये. तांबडी नुसती दचकली तरी जाईल. मागच्या वर्षी पांढरी तशीच गेली. तेव्हा फाटक तूच आपटलं होतंस.

बाबा काळीच्या डोक्याशी बसून आहेत. तुला त्यांना काय सुनवायचं असेल ते तिथे सुनवू नकोस. घरी आल्यावरही नको. तू आवाज चढवलास की मीही तांबडीसारखीच थरथरायला लागते. नाताळपासून चाललंय हे. फक्त अजून कोसळले नाही.

तुझी नुआला