धुतलेला दोर

३ मार्च, सोमवार

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू घरी विसरून गेलेला दोर आज पार्सलने पाठवला आहे. विसरलीस म्हणते खरी, पण मला वाटतं तू तो मुद्दाम माझ्या डोळ्यांसमोर ठेवून गेलीस, आई धुऊन देईल म्हणून. दिला धुऊन. चाळीस मीटर दोर म्हणजे काय प्रकरण असतं ते मला आता कळलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दोन दिवस त्याचा गुंता सोडवत आणि तो वाळवत बसले होते. मालकांनी विचारलं, हत्ती बांधायचा आहे का. मी सांगितलं की मुलगी आठवडाभर कारखान्यात दातांच्या कवळ्या घासते आणि रविवारी कड्याला लटकते, तिचा आहे. ते म्हणाले, मग हत्तीच बरा.

येत्या रविवारी जाणार म्हणत होतीस. कडा सोपा आहे, आम्ही अवघड काही करत नाही, हे तुझं पालुपद मला पाठ आहे. पण ज्यावर चढायला दोर लागतो त्याला सोपा कसं म्हणतात हे मला अजून उमगलेलं नाही. बरोबर कोण कोण आहे ते नीट लिही.

माझी माया आहेच, ती शक्यतो जमिनीवर राहून घ्यावी.

तुझी आई


८ मार्च, शनिवार

चि. खारुताईस आशीर्वाद.

त्या दोरावर चढू नकोस. आधी एवढं वाच, बाकीचं मग.

आज सकाळी एका गिऱ्हाइकाचे निळे पडदे वाळत घातले तर त्यांवर पांढरे चट्टे. ज्या बाटलीतलं मी पाण्यात घातलं ती साबणाची नव्हतीच, ब्लीचची होती. बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. आणि त्याच बाटलीतलं मी तुझ्या दोराच्या टबात ओतलं होतं, चांगलं भरपूर, चिखल निघेना म्हणून. दोर पांढराच, त्यामुळे बघून काही कळलं नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं. जन्मभर त्यांनी इमारतींना परांच्या बांधल्या आहेत. ते म्हणाले, असा दोर आतून खाल्ला जातो, दिसायला धडधाकट दिसतो आणि वजन आलं की तुटतो.

तशीच फोनकडे धावले गं. तुझ्या कारखान्यात फोन लावला, पण शनिवारी दुपारी तिथे कोण असणार? वाजून वाजून बंद झाला. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. ते उद्याच्या आत मिळणार नाही हे मलाही समजतं, पण नुसतं बसवत नाही. उद्या तुला ताप येवो, पाय मुरगळो, काहीही होवो, पण तू घरी राहा.

तुझी आई


९ मार्च, रविवार

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

आत्ताच परतले. बोटांची सालं निघाली आहेत, पोटात कावळे ओरडत आहेत, तरी तुला आधी लिहिते, नाहीतर तू काळजी करत बसशील.

मंडळी कोण ते विचारलंस. एक आमच्या गल्लीतली गुरांची डॉक्टरीण, दुसरी बेकरीवाली. ती बिचारी पहाटे तीनला उठते, त्यामुळे कड्यावरही जांभया देते. डॉक्टरणीचा कुत्रा जाड्या आणि बेकरीवालीची कुत्री बटण. जाड्या आला तो थेट आमच्या पिशव्यांवर आडवा झाला आणि दुपारी पावाच्या वासालाच काय तो उठला. बटणचं तसं नाही. मालकिणीचे पाय जमिनीवरून सुटले की ती रडायला लागते आणि ते परत टेकेपर्यंत थांबत नाही. मला सारखी तुझी आठवण येत होती!

कडा चारेक मजल्यांएवढा आहे, पण तिरपा, आणि धरायला जागोजाग खाचा. फक्त अर्ध्यावर एका जागी उजव्या पायाला काहीच मिळत नाही. तिथे माझी पाच मिनिटं गेली. पोटरी अशी थरथरत होती की थांबवता येईना. खालून डॉक्टरीण ओरडत होती, टाच खाली कर, श्वास घे. ती कुत्र्यांशी आणि माझ्याशी अगदी एकाच आवाजात बोलते. शेवटी देवाचं नाव घेतलं, पाय टाकला आणि गेले वर.

तुझा दोर झकास निघाला. तिघीही त्यावरच चढलो. डॉक्टरीण एकदा घसरली तेव्हा त्यालाच लोंबकळली आणि खदखदा हसली. इतका मऊ दोर तिने कधी पाहिला नव्हता म्हणे. पुढच्या रविवारी शेजारच्या जरा उंच कड्यावर जायचं ठरतंय.

सुखरूप खाली उतरलेल्या मुलीवर लोभ कायम ठेवावा.

तुझी खार


१३ मार्च, गुरुवार

चि. खारुताईस आशीर्वाद.

सोमवारी कारखान्यात फोन लागला. तू आत काम करते आहेस, निरोप सांगतो, असं चौकीदार म्हणाला आणि माझा जीव भांड्यात पडला. मग काल तुझं पत्र आलं. डॉक्टरीण लोंबकळली हे वाक्य मी उभ्याने वाचलं आणि तशीच खाली बसले. कोणाची तरी लेक माझ्या चुकीवर लटकून हसत होती.

माझं आधीचं पत्र तुला मिळालं की नाही? त्या चौकीदाराने तरी सांगितलं का? ह्या रविवारी उंच कडा म्हणतेस. हात जोडते तुझ्यापुढे, दोर आजच्या आज कापून टाक. नुसता फेकू नकोस, तुकडे कर, म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही. कापल्याचं कळव. तोवर मला घास गोड लागायचा नाही.

तुझी आई


१६ मार्च, रविवार

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम मिळाली. पहिल्यावर घाईत तू माझा जुना पत्ता घातला होतास. चौकीदाराने आई काळजी करते आहे एवढंच सांगितलं, ते मला माहीतच होतं.

तर ऐक. त्या दोरावर कोणीही चढलं नाही. मी खोटं लिहिलं होतं. पार्सल उघडलं आणि ब्लीचचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. लाँड्रीतच लहानाची मोठी झालेय मी, मला ते कोणी सांगायला नको. आम्ही बेकरीवालीच्या दोरावर चढलो आणि तुझ्या दोराने जाड्याला आणि बटणला झाडाशी बांधलं. दोन दिवस खपून तू तो धुतलास, तुला वाईट वाटू नये म्हणून थाप मारली. चुकलं माझं. काल त्याचे तुकडे केले आणि आज कुठेही गेले नाही.

पण आई, कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अदलाबदल झाली म्हणतेस, पण त्या बाटल्यांना चिठ्ठ्या कधीच नव्हत्या. ओल्या हातांनी त्या निघून येतात म्हणून तू लावतच नाहीस. बूच काढतेस, वास घेतेस आणि ओततेस. माझे डोळे बांधून मलाही तसंच शिकवलंस. मग टबभर ब्लीच, लहानशी खोली, दोन दिवस, आणि तुला कळलं नाही?

तुला वास येत नाही का गं? कधीपासून? तू एकटी राहतेस, घरात गॅस आहे. फोनवर विचारलं असतं तर मला काय धाड भरलीय म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते आहे. मी खरं सांगितलं, आता तूही सांग.

उत्तर येईपर्यंत मला चैन नाही.

तुझी खार


२० मार्च, गुरुवार

चि. खारुताईस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हायसं वाटलं, मग राग आला. इतके दिवस मी त्या डॉक्टरणीला डोळ्यांसमोर पडताना बघत होते. पण मी कोणत्या तोंडाने रागावू?

हो, येत नाही. डिसेंबरात ताप आला होता, त्यानंतर वास गेला. आधी वाटलं सर्दी आहे, बरी होईल. मालकांना बोलले नाही, कारण डाग काढणारीचं नाकच गेलं तर तिचं करायचं काय? बाटल्या फळीवरच्या जागेवरून ओळखत होते. कोणीतरी फळी पुसली आणि जागा बदलल्या. काल मालकांना सगळं सांगितलं. ओरडतील वाटलं होतं, पण त्यांनी स्वतः बसून प्रत्येक बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. गॅस संध्याकाळी वरचे काका बघून जातात. सोमवारी नाकाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. काहींचा वास परत येतो, काहींचा येत नाही, असं ऐकलं आहे.

तू चढायचं सोडू नकोस. नवा दोर घे आणि तो तुझा तूच धू. मैत्रिणींना आणि त्या दोघा चार पायांच्यांना आशीर्वाद सांग. आहे तसा जीव लावत राहा.

तुझी आई

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुला का सांगितलं नाही ते लिहायचं टाळत होते. तू घरी येऊन गेलीस की मी तुझ्या उशीचा अभ्रा धूत नाही. अख्ख्या गावाचे धुते, तो तेवढा ठेवते. तुझ्या केसांचा वास त्याला आठ-दहा दिवस राहतो आणि तेवढे दिवस मला घर रिकामं वाटत नाही. ह्या खेपेला तू गेलीस आणि मी अभ्रा नाकाशी धरला. खूप वेळ धरला. मग तुझ्या दोराबरोबर तोही टबात टाकला.