नेलपॉलिशचे आकडे

प्रिय आत्या,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'जेवलास का' विचारतेस, मग काय जेवलास, मग कुणी रांधलं, आणि तेवढ्यात तुझ्या दारावरची बेल वाजते नि मूळ गोष्ट राहून जाते. या वेळी ती राहून चालणार नाही. तुझं पत्र मिळालं. महिनाअखेरीला दुकान बंद करतेस म्हणालीस, लोक आता शिलाई मशीन दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात, हातांना जरा आराम मिळेल. शेवटी 'बरंच झालं' असंही लिहिलंस. तू 'बरंच झालं' कधी म्हणतेस ते मला ठाऊक आहे. असो. तुझा भिंगरी थेट मुद्द्यावर आला तर तुला वाटेल कुणीतरी तोतया लिहितोय, म्हणून माझ्याच वाटेनं येतो.

आधी बातमी. नोकरी टिकली आहे. सात महिने झाले, हस नकोस. बोटीवर दीड महिना, गोदामात तीन आठवडे, त्या तंबूवाल्यांबरोबर किती ते आठवतही नाही, त्या मानानं ही म्हणजे जन्मठेपच. एका सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं बसतो आणि लोकांच्या वेबसाइट बनवतो. जिन्याची चौथी पायरी करकरते, आणि सायकलवाल्याचं मांजर नेमकं तिच्यावरच झोपतं, त्यामुळे येणारा प्रत्येक जण तिसरीवरून पाचवीवर उडी मारतो. मालकीणबाईंना आम्ही कात्री म्हणतो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. आम्ही बनवलेलं पान त्या कागदावर छापून घेतात, एकेका गोष्टीवर बोट ठेवतात नि विचारतात, "हे कशाला?" एका वाक्यात उत्तर आलं नाही तर कर्रकन् कापून टाकतात. पहिल्या आठवड्यात माझ्या पानाचा तळहाताएवढा तुकडा उरला. तो आधीच्यापेक्षा चांगला दिसत होता, हे जास्त लागलं.

आणि दर बुधवारी आमच्याकडे पाहुणा येतो. कुणीही. एकदा पोस्टमन आला, एकदा दातांच्या डॉक्टरांकडची नर्स, एकदा खालचा सायकलवाला, हाताला ग्रीस तसंच. त्याला नव्या पानासमोर बसवायचं, एकच काम सांगायचं, दातांसाठी वेळ घ्या किंवा बोटीचं तिकीट काढा, आणि आपण मागं बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही. चुकला तरी 'तिथं नाही, इथं दाबा' म्हणायचं नाही. आता मी न बोलता बसणार म्हणजे कसं, तूच सांग. दोन बुधवार मी सगळ्यांना उत्तरं सांगून टाकली. तिसऱ्या बुधवारी कात्रीनं माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. "एक घोट तोंडात घे आणि पाहुणा जाईपर्यंत तसाच धर. गिळायचाही नाही." तेव्हापासून तसंच चालतं. गाल फुगवून बसतो, पाहुण्यांना वाटतं माझी दाढ सुजलीये. पण खरं सांगू, तोंड बंद झालं आणि डोळे उघडले. बोट कुठं थबकतं, माणूस कुठं कपाळाला आठ्या घालतो, कुठं 'मलाच येत नाही वाटतं' असं पुटपुटतो, ते दिसायला लागलं. कात्री म्हणते, तो जिथं स्वतःला मूर्ख म्हणतो तिथं आपण मूर्खपणा केलेला असतो.

बाकी आमचं शास्त्र तसं साधं आहे. दुकान कशाचं ते पहिल्या नजरेत कळावं. अक्षर मोठं, उन्हात एका हातात फोन धरून वाचता यावं. एका पानानं एकच काम करावं. बटणावर लिहिलंय तेच बटणानं करावं. आणि दाबल्यावर काय झालं ते खरं खरं सांगावं. हे मी वहीत उतरवत होतो आणि एकदम तुझी लाल नेलपॉलिश आठवली. दुरुस्त झालेलं मशीन परत देताना दोरा ज्या वाटेनं जातो तिथं प्रत्येक खाचेजवळ तू बारीक आकडे काढायचीस, एक, दोन, तीन, चार, आणि सुईपाशी ठिपका. कुणी म्हणालं, "बाई, असं करून गिऱ्हाईक परत कसं येईल?" तर तू म्हणायचीस, "दोरा ओवायला नको येऊ दे, गप्पा मारायला येऊ दे." आणि त्या पिवळ्या छत्रीवाल्या बाई खरंच नुसत्या गप्पांना यायच्या. हे कात्रीला सांगितलं तर तिनं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझी आत्या आपल्या सगळ्यांच्या आधीपासून हे काम करतेय."

आता तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार. नवं पान तयार नव्हतं आणि पाहुणा तर येऊन बसला, एक म्हातारे शिंपीकाका, गळ्यात टेप तशीच. कात्री म्हणाली, कुणाचं जुनं काम असेल तर दाखवा. मी छाती काढून तुझ्या दुकानाची साइट उघडली. दोन वर्षांपूर्वी तू मोठ्या रस्त्यावरचं दुकान सोडून मागच्या गल्लीत आलीस, फोनचा नंबर बदलला, तेव्हा मी चार रात्री जागून केलेली. तुला आठवत असेल, उघडली की संगीत, सुई नाचते, आणि मोठं लाल रीळ गरगर फिरतं. तू बघून म्हणालीस, "छान आहे हो." तू 'हो' लावलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मी घोट धरून बसलो. कात्रीनं काकांना सांगितलं, तुमचं मशीन बिघडलंय, दुरुस्तीला द्यायचंय. संगीत सुरू झालं तसे काका दचकले. मग नंबर शोधायला लागले. नंबर कुठं होता ते तुला तरी माहीत आहे का? त्या रिळाचा दोरा बोटानं धरून खाली ओढला की दिसायचा. मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. काकांनी पाच मिनिटं शोधला. सुईवर दाबलं, रिळावर दाबलं, दोरा ओढायचा हे त्यांना सुचलं नाही, आणि त्यांचा जन्म दोऱ्यात गेलाय. शेवटी खाली त्यांना 'निरोप ठेवा' सापडलं. त्यांनी एका बोटानं सावकाश सगळं लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'धन्यवाद, लवकरच भेटू'. काका मागं वळून मलाच म्हणाले, "पोचलं ना? कुणाला पोचलं?"

आत्या, मी तो घोट गिळला. कारण मला ते माहीत नव्हतं.

घरी येऊन शोधलं. ते निरोप तुला येतच नव्हते. साइट बनवताना तपासायला म्हणून मी माझ्या एका जुन्या ईमेलवर वळवले होते, मागून तुझ्याकडे वळवायचे राहिले, आणि चार दिवसांत मी बोटीवर निघून गेलो. त्या ईमेलचा पासवर्डही विसरलेलो. खूण म्हणून प्रश्न ठेवला होता, 'तुला सगळ्यात जास्त कोण ओरडतं?' उत्तर लिहिलं, आत्या. उघडलं. आत एकसष्ट निरोप. आणि जुन्या दुकानाच्या दारावर तू नवा नंबर लिहिला होतास, तो पुसून साइटचा पत्ता लिहायला लावणारा मीच होतो. 'नंबर कशाला, जुनाट दिसतं.' गल्लीतले चारजण तुझ्याकडे येत राहिले, बाकी सगळे माझ्या रिळाभोवती फिरून गेले. लोकांनी मशीन टाकली नाहीत. त्यांनी तुला शोधलं.

आता रागव, मी थांबतो.

झालं? तर पुढं. संगीत, सुई, रीळ सगळं कापलं, कात्रीच्या हातची कात्री घेऊन मीच. आता एकच पान आहे. वर 'शिलाई मशीन दुरुस्ती', खाली तुझा नंबर, माझ्या बोटाएवढ्या आकड्यांत, खाली गल्लीत कसं वळायचं ते तीन ओळींत, एक, दोन, तीन, लाल रंगात. रंग जुळवायला मला तुझी बाटली आठवून आठवून दोन दिवस लागले. शेजारच्या काकूंना फोनवर उघडायला सांग, त्यांना दुकानापर्यंत यायला लाव, आणि तू तोंडात पाण्याचा घोट धरून बघत बस. कुठं अडखळल्या ते मला लिही. छान आहे म्हणू नकोस.

त्या एकसष्ट जणांना मी लिहिलं की चूक माझी होती, आत्याची नव्हे. तेवीस जणांचं उत्तर आलंय, मशीन अजून तसंच पडून आहे म्हणाले. ती उत्तरं छापून ते तेवीस कागद पाकिटात घातलेत, म्हणून ते जाड आहे. दुकान बंद करायचं की नाही ते तूच ठरव, हात तुझे आहेत. फक्त लोकांना नकोय म्हणून बंद करू नकोस, कारण ते खोटं आहे, आणि त्या खोट्याला मीच कारण झालो. सगळ्यात वरचा कागद तुझ्या पिवळ्या छत्रीवाल्या बाईंचा आहे. एकच ओळ आहे, 'बाई, तुम्ही आहात ना अजून?' बाकी बावीस जणांना मी पुन्हा उत्तर दिलं. या ओळीला नाही दिलं. ते तुझं आहे, बाईंचा नंबर मागं लिहिलाय, मोठ्या आकड्यांत.

तुझाच, सात महिने एका जागी टिकलेला,
भिंगरी