दुर्बिणीची रात्र

नागापूर, अहिल्यानगर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सम्राट,

जयभीम.

आज सुट्टी होती. सकाळी आबांची उरलेली औषधं मेडिकलमध्ये परत केली. कापलेल्या पट्ट्या दुकानदाराने घेतल्या नाहीत. दुपारी पुण्यानुमोदनासाठी समाजमंदिर ठरवून आले. कार्यक्रम येत्या रविवारी आहे. आईची तब्येत ठीक आहे. थोडं थोडं जेवते.

आबांनी शेवटी तुझं नाव घेतलं का, असं तू फोनवर विचारलंस. आई शेजारी होती म्हणून मी उत्तर दिलं नाही. नाही घेतलं. "मला कुशीवर करा," एवढंच म्हणाले. आम्ही केलं. त्यानंतर काही बोलले नाहीत.

कार्यक्रमात पडदा लावून दहा मिनिटं तुझ्या कामाविषयी बोलायचं म्हणतोस, आबांना आवडलं असतं म्हणतोस. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

परवा आईला तुझा आवाज ऐकायचा होता. तिने शाळेतल्या मुलांसमोरचा तुझा तो व्हिडिओ लावला. आम्ही दोघींनी पाहिला. चांगला बोलला आहेस. दूरच्या दीर्घिकांभोवती फार विरळ वायू पसरलेला असतो, तो सहसा दिसत नाही. पण त्याच्याही मागे, खूप लांब एखादा क्वेसार, म्हणजे दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, असला तर त्याचा प्रकाश या वायूतून आपल्याकडे येतो. येताना काही ठरावीक रंग वायू शोषून घेतो. प्रकाशाच्या पट्ट्यात त्या जागी काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून वायू कसला आहे, किती आहे, ते काढता येतं. मलासुद्धा समजलं.

मग तू म्हणालास, "मला एक सोपं उदाहरण सुचलं. हा वायू म्हणजे गावाचं गायरान."

तुला आठवत असेल. तू फोनवर सांगत होतास की याच वायूतून दीर्घिकेत नवे तारे होतात आणि फुटलेल्या ताऱ्यांचा माल परत तिथेच फेकला जातो. तेव्हा आबा म्हणाले होते, "म्हंजी गायरानच की रं. गावाला लागंल ते तिथनंच घ्यायचं, आन घान बी तिथंच टाकायची." तू हसून म्हणालास, "आबा, आता तुम्हीच शिकवा आमच्याकडे." तर म्हणाले, "पगार किती देत्यात?"

"ह्यांचं हाय ते," आई मोबाईलकडे बघून म्हणाली. रागाने नाही. तिला बरं वाटलं होतं.

शेवटी एका मुलीने विचारलं, तुम्ही रात्रभर दुर्बिणीपाशी बसता का? तू म्हणालास, "नाही गं. दुर्बीण चिलीत आहे. काय बघायचं ते आधी कळवून ठेवायचं. तिथले लोक आमच्यासाठी निरीक्षण घेतात. त्या रात्री ढग आले तर नंतर घेतात. मी इथे घरी झोपलेला असतो." मुलं हसली.

आबा गेले त्या दिवशी तू मला म्हणालास, "ताई, आज माझी दुर्बिणीची रात्र आहे. वर्षातून एकदाच मिळते. इथून हलता येत नाही." मी सगळ्यांना तेच सांगितलं. अग्नी मी दिला. आणि आज सकाळी तूच सहज बोलून गेलास की त्या रात्री तिकडे ढग होते, काम नंतर आपोआप झालं, काल सगळी माहिती आली.

लग्न करून आलास तेव्हा आबा बाहेर आले नाहीत. ते मलाही पटलं नव्हतं. तुला राग होता तर राग आहे म्हणायचंस. रागाने मयताला न येणारी माणसं आपल्या भावकीत पुष्कळ आहेत. लोकांनी तेही समजून घेतलं असतं. दुर्बीण कशाला मध्ये आणलीस?

आईला कळलं नसेल, असं मला वाटत होतं. व्हिडिओ संपल्यावर तिने मोबाईल पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली. काल शेजारच्या झुंबरबाई आल्या. त्यांनी विचारलं, "पोरगं आलंच न्हाई व्हय गं बापाच्या मातीला?"

आई म्हणाली, "त्याला दुर्बिनीवरून सोडत न्हाईत. वर्साची एकच रात असती. आन मीच म्हनलं त्याला, येऊ नको."

तिने तुला तसं कधीच म्हटलेलं नव्हतं. त्या दिवशी ती सारखी दाराकडे बघत होती.

म्हणून सांगते. रविवारी ये, सुनेलाही आण, लोकांत बस. पडदा लावायचा नाही, बोलायचं नाही. आईला काही समजावून सांगायला जाऊ नकोस. ती तुला विचारणार नाही. मीही पुन्हा हा विषय काढणार नाही. तुझ्यासाठी ती या वयात खोटं बोलली, एवढं तुला माहीत असू दे.

आई झोपली आहे. उद्या माझी पहिली पाळी आहे. कंपनीच्या ड्रेसला इस्त्री करायची राहिली आहे, ती करते.

प्रज्ञा