हवालदाराचं मत

पेण, १४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. सरूस अ. आ.

फोनवर मी नुसतं 'सब ठीक' म्हणतो म्हणून तू पत्र मागितलंस, तर घे. सतरा वर्षं फौजेत काढून इथे बी.ए.ला बसलो, ते सोडावं म्हणतो. मॅडम आल्या की वर्गात मी एकटाच ताडकन उभा राहतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अपेक्षा नावाच्या पोरीने विचारलं, उद्या कधी भेटायचं. मी लिहिलं, ०७५० वाजता हजर राहणे, उशीर चालणार नाही. वेळेवर एकच जण आला, तोही मीच.

काल तोंडी परीक्षेत मॅडमनी माझं स्वतःचं मत विचारलं. मी म्हणालो, जे तुमचं असेल तेच, मॅडम. वर्ग खिदळला. येत्या शनिवारी पुन्हा एक संधी आहे. सरू, सतरा वर्षांत मला कुणी मत विचारलंच नाही. लाज वाटते गं.

गणेशरावांस नमस्कार.

तुझा दादा,
प्रविण

रोहा, १६ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो, माफी असावी. सासूबाई म्हणतात, भावाला सांग गो, बोलला नाय तर तोंड गंजंल.

माझ्या वालाच्या बिरड्याला तू बारा वर्षं 'छान' म्हणतोस. गेल्या खेपेला मीठच घातलं नव्हतं, तरी छान. शनिवारपर्यंत रोज एक खरं मत वहीत लिही. तुला हुकूम लागतो ना, मग हा हुकूम समज.

कॉलेज सोडलंस तर रोह्यात पाऊल टाकू नकोस. मला बारावीपुढे शिकायचं होतं, आबांनी मला न विचारताच नाही म्हटलं. तुला बसायला मिळतंय, तर बस.

राग नसावा, माया असावी.

तुझी सरू

पेण, २० सप्टेंबर

चि. सौ. सरूस अ. आ.

हुकूम पाळला. गुरुवारचं मत: बिरडं अळणी होतं, आणि तुझ्या लग्नापासून त्यात गूळ जास्त पडतो. शुक्रवारचं: कॅन्टीनचा चहा पाणचट आहे. हे तिथल्या पोपटशेठना सांगितलंही. आता ते मला चहा देत नाहीत.

आज विषय होता, घरातले निर्णय कुणी घ्यावेत. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं, माझ्या बहिणीला शिकायचं होतं. आबा नाही म्हणाले त्या दिवशी मी सुट्टीवर घरीच होतो. ते चूक आहे हे मला तेव्हाच कळत होतं, आणि मी गप्प बसून जेवलो. वर्गात कुणी हसलं नाही. पास झालो.

सोबत मुक्त विद्यापीठाचा अर्ज पाठवतो आहे. तू तो भरावास असं माझं मत आहे. हुकूम नाही.

लोभ वाढव, गूळ कमी कर.

तुझा दादा,
प्रविण