शेंगीच्या एकशेआठ पळ्या

सोम., ४ मे
उपास. नळाला पाणी नाही, आज पाचवा दिवस. शेंगीला काल दुपारपासून उलट्या. नऊ वर्षांत हे कुत्रं इतकं मलूल कधी बघितलं नाही. हे जाऊन पेठेतल्या जुन्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी मानेची कातडी चिमटीत उचलली, सोडली. कातडी तशीच उभी. लगेच निकाल. "बाई, पाणी पाजत नाही काय हिला? जनावराच्या तोंडातलं पाणी वाचवून काय करणार?"

मला. दारात चार बायका उभ्या असताना.

रोज पिंडीवर १०८ नावं घेत १०८ पळ्या पाणी घालते. ताम्हणातलं ते पाणी मोरीत ओतवत नाही, तुळशीला वेगळा तांब्या असतो, म्हणून सगळं मागच्या दारच्या दगडी कुंडीत, शेंगीसाठी. नळाला पाणी पाचव्या दिवशी येवो की सातव्या, तिच्या पळ्यांत कधी खंड नाही. वहीत रोजची खूण आहे. अन् डॉक्टर म्हणे मी पाणी वाचवते.

सांगितलं, अहो म्हातारी आहे, दोन वर्षं तिची कातडी अशीच सैल आहे. ऐकतो कोण. सलाईनची बाटली लावली अन् गेले.

मंगळ., ५ मे
उलट्या थांबल्या. सकाळी शें. ने शेपूट हलवली. पण डॉक्टर परत आले, परत तीच चिमटी, कातडी परत उभी. राहणारच की. म्हणाले, अजून कोरडीच आहे. दुसरी बाटली, अन् ती धो धो सोडली.

विचारलं, किती द्यायचं हे कशावरून ठरवता? "अंदाज असतो की बाई. तीस वर्षं झाली." मी धुण्याचा सोडासुद्धा चमच्यानं मोजून घेते. जीव वाचवायला आलेला माणूस अंदाज सांगतो.

संध्याकाळी शें. चा श्वास भरभर. आडवी होईना, बसूनच धापा. ह्यांना म्हटलं, पाणी जास्त झालंय तिला. हे म्हणाले, "तू कधीपासून डॉक्टर झालीस? मॅट्रिकला होता का हा विषय?"
लिहून ठेवते. म्हणजे कुणी नाही म्हणायला नको.

बुध., ६ मे
सकाळीच रिक्षाने सात रस्ता चौकापलीकडच्या दवाखान्यात. डॉ. श्रावणी. वय माझ्या भाचीएवढं. म्हणाल्या, सोनोग्राफी करू. ह्यांना तेवढंच पाहिजे होतं. "म्हातारपणी दिवस गेले की काय शेंगीला?" बाकावरची माणसं हसली. मी हसले नाही.

निघताना तिच्या पोटाला भंडारा लावला होता. तिथली मदतनीस तो पुसायला लागली तर मी तिचा हात धरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मशीन टेकेल एवढीच जागा पुसते काकू, बाकीचा राहू दे." तेवढ्यावर मी हात सोडला.

पडद्यावर दोन काळ्या वाटोळ्या चकत्या, शेजारी शेजारी. एक ठक ठक उडणारी, ती हृदयातून रक्त आणणारी. दुसरी मोठी शीर, रक्त हृदयाकडे परत नेणारी. अंगात रक्त-पाणी कमी असलं की ही शीर चपटी होते, श्वासागणिक मिटते. जास्त झालं की फुगते अन् मिटायचं सोडते. हे मला दोनदा सांगावं लागलं नाही. नळाला लावलेला आपला पाइप बघितला की कळतं. चार दिवस पट्टीसारखा पडलेला, पाचव्या दिवशी टणक.

शेंगीची शीर पाचव्या दिवसाची होती. टम्म. छातीवर मशीन लावलं तर फुप्फुसाला ओल. हृदयही थोडं थकलंय म्हणे. सलाईन बंद, लघवीचं इंजेक्शन.

म्हणजे काल मी म्हणत होते तेच. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

गुरु., ७ मे
डॉ. बाईंनी सकाळी बघितलं, संध्याकाळी परत बघितलं. म्हणाल्या, एका चित्रावर मी विश्वास ठेवत नाही, धाप लागलेली असली तरी शीर वेगळी दिसते. दोन्ही वेळा मला पडदा दाखवला. संध्याकाळी शीर जरा बारीक, श्वासाबरोबर हलती. शें. घरी. झोपेत मिनिटाला श्वास किती, ते मोजायला शिकवलं. तिशीच्या आत पाहिजेत. आज २६.

मग डॉ. बाईंनी विचारलं, रोज पाणी किती पिते? म्हटलं १०८ पळ्या. त्या हसल्या नाहीत. घरून पळी आणायला लावली, सिरिंजनं मोजली. पाच मिली. म्हणजे ५४०. "इतकं नेमकं मला कुणीच सांगत नाही काकू." कागदावर लिहून दिलं: रोज ५४०, जास्त नको.
रिक्षात ह्यांना तो कागद दोनदा दाखवला.

शुक्र., ८ मे
शें. ला आता माजघरातच ठेवलंय, कुंडीही आत आणली. मागचं दार बंद. दिवसभरात निम्मंच प्याली. कुंडीतलं पाणी निम्म्यावर आलं, त्याखाली उतरलंच नाही. नऊ वर्षं १०८ पळ्या संपवणारं कुत्रं ५४ वर थांबतं म्हणजे काय? जुन्या डॉक्टरांनी घशाची चवच घालवली असणार. उरलेल्या ५४ मी पळीनं घातल्या, गालाच्या बाजूनं, नाव घेत घेत. तोंड फिरवत होती. "देवाचं आहे, घे," म्हटलं. घेतलं.
श्वास ३१.

शनि., ९ मे
परत निम्मं. परत पळीनं पाजलं. आज खोकली. श्वास ३८. संताप संताप होतोय, त्या दोन बाटल्या अजून तिच्या अंगात मुरल्यात नि हे म्हणतात औषधाला वेळ दे.

दुपारी मागच्या दारावर धडका. उघडलं तर शेजारच्या शकीलाभाभींची शेळी, रानी. सरळ आत, जिथं कुंडी असते त्या जागेकडे. जागा हुंगली, माझ्याकडे बघून ओरडली. पाठोपाठ भाभी. "हमारी रानी तो रोज इधरीच पानी पीती, वैनी. तुमे उसके वास्ते रखते बोलके मैं समजी. दो दिन से मुंडी मार रई दरवाजे पे."

कधीपासून, विचारलं. भाभी म्हणाल्या, रानी पाठ, म्हणजे एवढंसं पिल्लू, होती तेव्हापासून. म्हणजे दोन वर्षं.

मी ओतलेलं मोजत होते. प्यालेलं कधी मोजलंच नाही.

शेंगी निम्मंच पीत होती. तिचं तेवढंच होतं. अन् मी दोन दिवस तेवढंच आणखी तिच्या गालात ओततेय. वर देवाचं नाव घेऊन. जुन्या डॉक्टरांच्या बाटलीत अन् माझ्या पळीत फरक काय राहिला?

पळी धुऊन देव्हाऱ्यात ठेवली. तिच्याकडे बघवेना.

रवि., १० मे
सकाळी श्वास ४४. हे रिक्षा बघायला गेले, मी शें. ला घेऊन कोपऱ्यावर उभी. तेवढ्यात जुने डॉक्टर स्कूटरवरून. थांबले. "कशी आहे? पाणी पाजता ना आता?" चार दिवस उत्तर तोंडात तयार होतं. "रिक्षाची वाट बघतेय," एवढंच म्हटलं. पहिल्या दिवशी उलट्या होत होत्या, वर निम्मं पाणी शेळीच्या पोटात, मग ही कोरडी असेलही. त्यांची पहिली बाटली बरोबर असेलही. दुसरी चूक होती. ती चूकच होती. पण चारचौघांत काढलेला तो शब्द मी त्यांना माफ करणार नाही, बरोबर असला तरी.

दवाखान्यात मशीन लावायच्या आधीच सगळं सांगितलं. शेळीसकट. डॉ. बाईंनी ऐकून घेतलं. मग कागद मागितला, ५४० वर रेघ मारली, काहीच लिहिलं नाही. "आता आकडा नको काकू. कुंडी ठेवा, ती किती पिते ते मला सांगा. पाजू नका." इंजेक्शन दिलं, तासाभरानं परत बघितलं, पडदा माझ्याकडे वळवला.

मी शिरेकडे बघत राहिले. शेंगीनं श्वास घेतला, किंचित मिटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा नाही. विचारलं, हे चांगलं की वाईट? "संध्याकाळी परत बघू."

बाकावर बसून लिहितेय. घरी आत एक कुंडी शेंगीची, दाराबाहेर एक रानीची. उद्या सोमवार. १०८ होतीलच. त्यातल्या शेंगीच्या किती, ते तिनं ठरवायचं.