सवलतीचं तिकीट

आप्पा, चिंचवडच्या मैदानात फिरत्या नाटक कंपनीची कनात लागली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. टांग्यावर कर्णा बांधून ते आपल्या चाळीपर्यंत ओरडत आले होते, कामगारांना कुटुंबासह अर्ध्या दरात. आईनं गाव सोडल्यापासून नाटक पाहिलं नव्हतं. ती कणीक मळता मळता थांबली आणि तुमच्याकडे बघून हसली. तुम्ही दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलात ते तोंड पाडूनच. सवलत फक्त कायम कामगारांना होती, पास दाखवून. तुम्ही चार वर्षं टेंपररी होतात; काढायचे, पुन्हा घ्यायचे. शेजारच्या खोलीतल्या काकांना तुम्ही म्हणालात, "राव, एकाच मशीनवर आपण दोघं. तुझी बायको कामगाराची बायको, मग माझी कोण?" काका आत गेले आणि स्वतःचा पास आणून तुमच्या हातात ठेवला. "जा घेऊन, भावा. फोटो थोडाच आहे त्यावर?"

सुट्टीच्या दिवशी दुपारचा खेळ. सकाळी माझ्या वेण्या घालताना आईनं बजावलं, कुणी वडिलांचं नाव विचारलं तर काकांचं सांगायचं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होतात, पाठमोरे. खिडकीवर तिकिटं मिळाली. कनातीच्या तोंडाशी पांढऱ्या टोपीतला एक माणूस पास तपासत होता. त्यानं पास उलटा-सुलटा केला, तुमच्याकडे पाहिलं आणि मग वाकून मला विचारलं, "बाळ, वडिलांचं नाव काय गं?" मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून वही काढली, पासाचा नंबर उतरवून घेतला, मी सांगितलेलं नाव त्याच्याखाली लिहिलं आणि पास परत दिला. "बसा की आत. आलाय तर नाटक बघून जा." तुम्ही म्हणालात, "साहेब, चूक झाली, पूर्ण पैसे भरतो." तो हसला. "आता कशाला? तुमच्या कारखान्याला कळवावं लागतं आम्हाला, एवढंच."

आपण आत बसलो. समोर राजा बोलतोय, लोक हसतायत, आई पदर तोंडाला लावून खाली बघतेय आणि तुम्ही मान वळवून दाराकडे. मध्येच कनातीच्या कापडामागून त्या माणसाची सावली सरकली, तेव्हा तुमचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. अजून आठवतं, घामानं ओला होता.

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चाळीत सायकलची घंटी वाजली की आई चुलीपुढून उठायची. काका तुम्हाला धीर देत होते, पण जेवताना त्यांच्या घरातून आवाज येईनासा झाला. पाचव्या दिवशी दोघांनाही टाइम ऑफिसात बोलावलं. काकांना आठ दिवस घरी बसवलं. तुम्हाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मग तुम्ही भोसरीच्या त्या ओतशाळेत लागलात, जिथं धूर बाहेर जायला एकच खिडकी होती. खोकला दुसऱ्या हिवाळ्यात सुरू झाला. तिसऱ्यात तुम्ही गेलात.

मला तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. उलट नाटकाच्या त्या संध्याकाळी, घरी येताना, मला खांद्यावर घेतलंत.

आई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, लेकरू होतं, घाबरून गेलं. मी मान हलवायचे. आता तीही नाही, म्हणून लिहितेय. हे कुठं पाठवायचं नाही, आणि घरात कुणाला दाखवायचंही नाही. आप्पा, मी घाबरले नव्हते. काय सांगायचं ते मला पाठ होतं. पण एवढ्या लोकांसमोर तुम्हाला सोडून दुसऱ्याला बाप म्हणायचं माझ्या जिवावर आलं.