खळ्यात न हरवलेली अंगठी

हातखंबा,
दिवाळीच्या आधीचा गुरुवार

तीर्थस्वरूप भिकाजीदादांस,

आत्मारामचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहीत नाही, कारण रविवारपासून मी चोवीस तास अर्ध्या नमस्कारातच आहे. उरलेला अर्धा घालायला गेलो तर उठवायला माणसं बोलवावी लागतील. तुमचा दमा कसा आहे? वहिनींच्या डोळ्यावरची पट्टी सुटली का? बुरोंडीहून धाडलेले सुके बोंबील पोचले, फक्कड होते. (माझ्या वाट्याला दोन आले. आजारी माणसाला जड म्हणून बाकीचे तुमच्या बहिणीने संपवले.) फोन सोडून पत्र कशाला, असं विचाराल. तर फोन हौसाच्या हातात असतो, तोही स्पीकरवर, आणि मला बोलायचंय ते तिच्याचबद्दल. बहीण तुमची आहे, तुम्हीच न्याय करा.

मुळापासून सांगतो. गणपतीत आमचे चिरंजीव हर्षद मुंबईहून आले ते पिशवीत सिमेंटचा ठोकळा घेऊन! लोकांची मुलं पेढे आणतात. म्हणे, बाबा, दारापुढच्या खळ्यात हे पेव्हर ब्लॉक बसवू, चोपण्याचं तुमचं वय राहिलं नाही. अहो, चौतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांखाली उताणा पडून काढली. कुठली गाडी अजून दोन वर्षं रेटेल आणि कुठली भंगारात काढायची हे मी नुसता आवाज ऐकून सांगत असे. आणि मला भंगारात कधी काढायचं ते हा ठरवणार? ज्याला चोपणं कुठल्या टोकाला धरतात ते माहीत नाही तो? वर मोबाइलवर कुणा डॉक्टरचं व्याख्यान दाखवलंन, सत्तरीनंतर वाकायची कामं सोडावीत म्हणून. (डॉक्टर जेमतेम तिशीचा. मेल्याने सत्तरी पाहिली कधी?)

तुम्ही समुद्राकाठचे, तुमच्या अंगणात वाळू. तुम्हाला आमच्या खळ्याचे लाड ठाऊक नसतील. पावसाने खळ्याची नुसती रया जाते. मग शेवाळ नि गवत तासायचं, तांबडी माती पसरायची, पाणी मारायचं आणि लाकडी चोपण्याने ओणवं होऊन ओळीने चोपत जायचं. वर शेणाचं सारवण. चोपायचं पुरुषाने, सारवायचं बाईने, ही वाडीची रीत. त्याच खळ्यात तुळशीचं लग्न लागतं. ठोकळ्यांवरच लावायचं तर एसटी स्टँडावर काय वाईट? माझं डोकं फिरलं. आरतीला सगळी वाडी जमलेली, तिथेच मी गाऱ्हाणं घातलं, की बा म्हाराजा, ज्या वर्षी हा आत्माराम खळं चोपताना अर्ध्यावर थांबेल, त्या वर्षी खुशाल ह्या पोराचे ठोकळे पडू देत! सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या गंगावहिनीचा आवाज सगळ्यांत मोठा. (एरवी तिला घसा बसल्याची तक्रार असते.)

आणि रविवारी, दादा, तिसऱ्या ओळीला, कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. मी आवाजावरून ओळखणारा माणूस, लगेच ओळखलं. खाली जाता येईना, वर येता येईना. डोळ्यांसमोर फक्त माझीच दोन पावलं आणि एक मुंगळा. देवाचं नाव घेत उभा होतो, म्हणजे उभा तरी कसला, तोच दगडी गडग्यापलीकडून गंगावहिनी, "भावोजी, काय हरावला काय तुमचा?"

आता खरं सांगावं तर गाऱ्हाण्याची साक्षीदार समोर. एका शब्दात ठोकळे खळ्यात! माझ्या तोंडातून गेलं, "अंगठी."

झालं! पाच मिनिटांत अख्खी वाडी खळ्यात उतरली. चोपलेल्या तीन ओळींवर सतरा माणसं, चौतीस पाय. कोणी तांदळाच्या चाळणीने माती चाळतोय, कोणी कुदळ मारतोय, वाडीतल्या दर्शनने तर बॅटरी आणलीन, भर सकाळी दहा वाजता. देवळात कौल लावूया म्हणून विनोद गुरवाकडे माणूस धाडायची तयारी. देव खोटं बोलणार नाही ह्या भीतीने मला घाम फुटला. आणि मी मधोमध ओणवा. बाबू सुतार सगळ्यांना सांगतोय, "बघा, ह्या वयात काय चिकाटी! मघाधरनं मान वर केली नाय!"

एवढ्यात तुमची बहीण पडवीतून उठली, आत जाऊन आली. पायऱ्या उतरून आली आणि नवं पातळ नेसलेली तशीच माझ्या पायाशी चिखलात बसली. दोनदा हात फिरवलान आणि ओरडली, "गावली!" हातात माझी अंगठी! जी बोटं सुजतात म्हणून सहा वर्षं देवाच्या वातींच्या डब्यात पडली होती ती! मग म्हणाली, ह्यांना ऊन लागलंय, आत न्या, मी चहा टाकते. मला दोघांनी बगलेत धरून आणलं नि जसा होतो तसा, कुशीवर खाटेवर ठेवलं. गाऱ्हाण्याचं कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

आता माझा राग ऐका. त्या दिवसापासून ही बाई एक अक्षर बोललेली नाही! तेल चोळते, मिठाच्या पुरचुंडीने शेकते, पेज भरवते आणि गप्प. अहो, "तरी मी सांगत होते" एवढं तरी म्हणावं माणसाने! पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य म्हणायची संधी तिने कधी सोडली नाही, आणि आता, ऐन हक्काच्या वेळी, सोडते? माणसाने भांडायचं तरी कुणाशी? तुम्ही थोरले, तुम्ही तिला विचारा, हे वागणं शोभतं का. आणि हर्षद विचारेल तर त्यालाही ठणकावून सांगा, की तुझा बाप थांबणार नाही. थांबायचं कधी ते बापच ठरवणार. एसटीची गाडीसुद्धा आधी दुरुस्त करून बघतात.

वहिनींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला,
आत्माराम
(वाकलेला आहे. मोडलेला नाही.)

ता. क. पत्र पोचताच मला उलटटपाली एक सणसणीत पत्र लिहा. हौसा मोठ्याने वाचेल अशा अक्षरात. "आत्माराम, लाज कशी वाटत नाही, मी थोरला म्हणून शपथ घालतो, यंदाच्या यंदा खळ्यात ठोकळे घाल," असा काहीतरी मजकूर. मी दोन दिवस जेवणावर बहिष्कार घालीन. (बोंबील असतील तर एकच दिवस.) मग तुमच्या शब्दाचा मान म्हणून नाइलाजाने ऐकेन. रंग राखाडी सांगा, लाल तिला आवडत नाही.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं? हौसाला गुडघ्यांपायी खाली बसता येत नाही, तीन वर्षं झाली. खळं मीच सारवतो, पहाटे, वाडी उठायच्या आत. ती पायरीवर बसून हाताला शेण फासून घेते, की गंगावहिनी येईल तेव्हा दिसावं. गंगावहिनी गावभर सांगते, हौसासारखं सारवण कुणाचं नाही, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. यंदा माझ्याने होणार नाही, आणि सारवण राहिलं तर नावं तिलाच ठेवतील. मी आपणहून थांबलो तर ती कारण ओळखेल आणि हट्टाने स्वतः सारवायला बसेल. रविवारी बसलीच ना, माझ्या अब्रूसाठी, चिखलात. तिला उठवायला तिघं लागले, दादा. मला दोघंच. म्हणून हुकूम तुमच्याकडून आला पाहिजे. तिला ह्यातलं काही कळता कामा नये.

ता. क. तिसरा. वृंदावनाभोवती दोन हात जागा मोकळी सोडायला बजावून लिहा. तेवढी मी पाटावर बसून चोपीन, सारवीनही. हाताला शेण फासायला हौसा आहेच.